दादाचं फॅटी लिव्हर, यात्रेतली अर्काची बाटली आणि आपल्या बांधावरची झाडं

अनेरकाठ | ४ जुलै, रात्री ९:५०

आमच्या दादाला मे महिन्यात सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, ग्रेड दोन. वय ४६, वजन ८८ किलो, एसजीपीटी (लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारं द्रव्य) ९२. शिरपूर तालुक्यात केळी आणि कापूस करतो. गळ्यात माळ आहे, दारूचा थेंब कधी घेतला नाही. त्यामुळे घरात सगळ्यांना धक्का बसला. वहिनी मला फोनवर सारखी विचारत होती, "न पिणाऱ्याचं लिव्हर कसं काय बिघडतं हो ताई?"

डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं, गोळी दिली नाही. गोळी दिली नाही म्हणजे डॉक्टरला कळलं नाही, असा आपल्याकडे समज. मग दादा एका यात्रेत गेला आणि १४०० रुपयांची साठ कॅप्सूलची बाटली घेऊन आला. वर छापलंय: कुटकी, भुईआवळा, पुनर्नवा, कालमेघ, हळद, यांचा अर्क ५०० मिग्रॅ. खाली मोठ्या अक्षरांत 'यकृतातील चरबी वितळवते, कॅन्सरपासून संरक्षण'. मी म्हटलं, दादा घेऊ नको. तो म्हणाला, "झाडपालाच शे ना तो, काय व्हई?"

हा धागा त्या एका वाक्यासाठी काढतेय.

मी नऊ वर्षं वनस्पतींचे अर्क बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात होते. गोणीतून आलेला पाला, मुळं, साली तपासायच्या आणि शेवटी ड्रममध्ये भरलेली पूड तपासायची, हे माझं काम. झाडांवर माझा विश्वास आहे. आजीनं कावीळ झाल्यावर भुईआवळा वाटून ताकातून दिलेला मला आठवतो. पण घरचा भुईआवळा आणि बाटलीतला अर्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि कुठलीही वस्तू पोटात गेली की तिची विल्हेवाट लावायचं काम पहिल्यांदा लिव्हरकडेच जातं. ज्या अवयवाला आराम हवा त्याच्यावरच आपण रोज पाच झाडांचा घट्ट रस टाकतो.

अर्क म्हणजे काय ते सांगते. वाळलेला पाला भरडून टाकीत घालतात, त्यावर पाणी किंवा अल्कोहोल किंवा दोन्हीचं मिश्रण सोडतात, गरम करतात, गाळतात, आटवतात आणि फवारून वाळवतात. पूड चिकट होऊ नये म्हणून त्यात माल्टोडेक्स्ट्रिन मिसळतात. तो स्टार्चपासूनच बनतो. लेबलवर '१०:१' लिहिलेलं असतं, म्हणजे दहा किलो पाल्यातून एक किलो पूड. लोकांना वाटतं दहापट ताकद. पण त्या दहा किलोंत मुळात औषधी घटक किती होता, पाला कुठल्या महिन्यात तोडला, पावसात भिजून काळा पडला होता का, हे त्या आकड्यातून काहीच कळत नाही. कळतं ते मार्करवरून, म्हणजे त्या झाडातला ठरावीक घटक मोजून. कुटकीत पिक्रोसाइड किती टक्के, कालमेघात अँड्रोग्राफोलाइड किती टक्के. दादाच्या बाटलीवर यातलं एकही नाही. पाच झाडांचे मिळून ५०० मिग्रॅ, एवढंच.

शिवाय कशात काढलाय यानं सगळं बदलतं. अँड्रोग्राफोलाइड पाण्यात फारसं उतरत नाही, अल्कोहोलात उतरतं. हळदीतलं कर्क्युमिन तर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून आजीचा काढा आणि कारखान्यातला अर्क एकाच झाडाचे असले तरी पोटात जाणारा माल वेगळा असतो. आजीच्या काढ्याला शेकडो वर्षांचा अनुभव आहे म्हणून कॅप्सूललाही आहे, हे मला पटत नाही.

कोणी लिव्हरसाठी असं काही घेतलं असेल तर चांगला-वाईट दोन्ही अनुभव लिहा. रिपोर्टचे आकडे असतील तर तेही द्या.

गिरणामाय | ४ जुलै, रात्री १०:३५

ताई, वेळेवर धागा काढला. आमच्या सासऱ्यांचं सांगते, भडगावचे. कोरोनात सगळ्या गावानं गुळवेल घेतली तशी त्यांनीही सुरू केली. बाकीच्यांनी बंद केली, आबांनी नाही केली. रोज सकाळी वीतभर वेल कुटून काढा, वर बाजारातली गुळवेलीची गोळी. आठ महिन्यांनी डोळे पिवळे, भूक मेली. बिलिरुबिन नऊच्या वर. कावीळ म्हणून तपासलं तर हिपॅटायटिस ए, बी, सी, ई सगळं निगेटिव्ह. एका तरुण डॉक्टरनं विचारलं, "बाबा, घरी काय काय घेता?" तोपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं आणि आम्हीही सांगितलं नव्हतं, कारण गुळवेल म्हणजे औषध असं आमच्या डोक्यातच नव्हतं. बंद केली, थोडे दिवस स्टेरॉइड दिलं. तीन महिन्यांनी आकडे जाग्यावर आले.

सातपुडा_मास्तर | ४ जुलै, रात्री ११:१०

मी धडगावकडे शाळेत आहे, अठरा वर्षं झाली. एक गोष्ट सांगतो जी इथे फिरायला येणाऱ्यांना माहीत नसते. लोक विचारतात, "मास्तर, सातपुड्यातली अस्सल कुटकी आणून द्या." सातपुड्यात कुटकी आहेच, पण ते धान्य आहे. कोदो-कुटकी म्हणतात त्यातली, जिची भगर होते. औषधी कुटकी म्हणजे हिमालयात तीन हजार मीटरच्या वर उगवणारं बुटकं झुडूप, त्याची मुळं वापरतात. आपला अस्तंभा १३२५ मीटरचा. इथे ती उगवणारच नाही. त्यामुळे 'सातपुड्याच्या जंगलातली कुटकी' असं कोणी विकत असेल तर तो एकतर भगरीचं धान्य विकतोय नाहीतर खोटं बोलतोय.

आमच्या पावरा आणि भिल्ल म्हाताऱ्यांना झाडं ओळखता येतात यात शंका नाही. पण ते कधी महिनोन्महिने एकच पाला देत नाहीत. तीन दिवस, पाच दिवस, फार तर सात. गुण नाही आला तर सरळ सांगतात, दवाखान्यात जा. शहरातला माणूस तीच वनस्पती बाटलीतून वर्षभर खातो.

अनेरकाठ | ५ जुलै, सकाळी ७:२०

@सातपुडा_मास्तर, कुटकीचं हे मी पहिल्यांदा ऐकलं, फार मोलाचं. आणि खऱ्या कुटकीचं तर असं आहे की हिमालयातून इतकी ओरबाडली गेली की १९९७ पासून ती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स (CITES) कराराच्या यादीत आहे. माल महाग, म्हणून भेसळ. आमच्याकडे कुटकीच्या गोण्या परत पाठवण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं.

@गिरणामाय, आबा आता बरे आहेत हे वाचून बरं वाटलं. गुळवेलीबाबत २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, नंतर देशभरातल्या तेरा केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची. अनेकांत शरीराची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटल्यासारखं चित्र होतं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख नीट झाली नाही असं म्हटलं. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जाती आहेत हे खरंच आहे. पण घरी वेल तोडणारा माणूस तरी कुठे ओळख पटवून घेतो?

वैद्य_गोमाई | ५ जुलै, दुपारी २:०५

शहाद्याला माझा दवाखाना आहे. धाग्यातल्या बऱ्याच गोष्टींशी सहमत, एका ठिकाणी मला थांबवायचं आहे. आयुर्वेद आणि 'आयुर्वेदिक' कॅप्सूल यांत गल्लत होतेय. कुटकी आम्ही देतो, पण मलप्रवृत्ती, अग्नी, वय, ऋतू बघून. कडू द्रव्य आहे, जास्त झालं तर जुलाब होतात, माणूस खंगतो. लिव्हर म्हटलं की लोक औषधाच्या दुकानातून स्वतःच आरोग्यवर्धिनी घेतात. त्या गोळीत बाकी सगळ्या घटकांच्या वजनाइतकी एकटी कुटकी असते, शिवाय पारा, गंधक, लोह, अभ्रक आणि ताम्र यांचे संस्कारित योग असतात. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून घ्यायची ती वस्तू नाही. माझ्याकडे एक गृहस्थ आले, दीड वर्षं स्वतःच्या मनानं घेत होते. मी ती बंद करून आधी रक्त तपासायला पाठवलं.

आणि ज्याला आपण फॅटी लिव्हर म्हणतो त्याला आमच्याकडेही पहिलं औषध लंघन, व्यायाम आणि जड-गोड-स्निग्ध बंद करणं हेच आहे. मेदोरोगाचं प्रकरण काढून बघा. ज्वारी, जव, कुळीथ, ताक, चालणं. कुटकीचा नंबर त्यानंतर.

धुळेकर_डॉ | ५ जुलै, रात्री १०:४५

मेडिसिनचा डॉक्टर आहे, धुळ्यात. वर वहिनींचा प्रश्न आहे त्याचं उत्तर आधी. दारू न पिताही लिव्हरमध्ये चरबी साठते, कारण शरीरात इन्शुलिन नीट काम करेनासं झालं की जास्तीची साखर आणि पिष्ट पदार्थ लिव्हरमध्येच चरबीत बदलतात. लिव्हरच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त पेशींत चरबी दिसली की त्याला फॅटी म्हणतात. २०२३ मध्ये जगभरच्या संघटनांनी या आजाराचं इंग्रजी नावच बदललं आणि त्यात चयापचय हा शब्द आणला. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये मधुमेह-रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात याचा समावेश केला.

सोनोग्राफीचा ग्रेड बघून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. ग्रेड चरबी सांगतो, व्रण (लिव्हर घट्ट करणारे जखमेसारखे वण) सांगत नाही, आणि पुढचं सगळं व्रणावर ठरतं. त्यासाठी फिब-४ नावाचा साधा हिशेब आहे: वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखंच रक्तातलं दुसरं द्रव्य), भागिले प्लेटलेट (लाखांत नव्हे, हजारांत, म्हणजे २ लाख असतील तर २००) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. १.३ च्या खाली आलं तर व्रणाची शक्यता कमी, २.६७ च्या वर आलं तर तज्ज्ञाकडे जायचं, मध्ये असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा २ धरतात. ताई, दादांचा एसजीओटी आणि प्लेटलेट किती?

वजनाबद्दल ठोस माहिती आहे. पाच टक्के उतरलं तर चरबी कमी होते, सात टक्क्यांच्या पुढे सूज कमी व्हायला लागते, दहा टक्क्यांवर अनेकांत व्रणसुद्धा मागे हटतो. ८८ किलोच्या माणसाला दहा टक्के म्हणजे साडेआठ-नऊ किलो. असं काम करणाऱ्या गोळ्या फार थोड्या आहेत. व्रण असलेल्यांसाठी अमेरिकेत पहिली गोळी मंजूर झाली ती मार्च २०२४ मध्ये.

अनेरकाठ | ६ जुलै, सकाळी ८:००

डॉक्टर, एसजीओटी ५८, प्लेटलेट २ लाख ३० हजार. मी हिशेब केला: ४६ गुणिले ५८ म्हणजे २६६८. ९२ चं वर्गमूळ ९.६, त्याला २३० नं गुणलं तर २२०६ च्या आसपास. भागाकार १.२१. बरोबर ना?

धुळेकर_डॉ | ६ जुलै, सकाळी ८:४०

बरोबर. म्हणजे आत्ता व्रणाची शक्यता कमी, वेळ हातात आहे. फक्त साखर (उपाशी आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी), रक्तातली चरबी आणि हिपॅटायटिस बी, सी एकदा बघून घ्या.

केळीवाला_पाचोरा | ६ जुलै, दुपारी १२:३०

माझाही एसजीपीटी वाढलाय म्हणून विचारतो. व्हिडिओत बघितलं की मिल्क थिसल नावाचं झाड लिव्हरसाठी जगात एक नंबर. काटेरी पानं, पानावर पांढऱ्या शिरा. आमच्या बांधावर अगदी तसंच झाड आहे, पिवळी फुलं येतात. बिया काळ्या, मोहरीसारख्या. बायकोला सांगितलंय बिया गोळा करायला. रोज एक चमचा कुटून घ्यायच्या का दोन?

अनेरकाठ | ६ जुलै, दुपारी १२:४१

भाऊ, थांबा. एकही बी खाऊ नका. तो पिवळा धोत्रा आहे. मिल्क थिसलचं फूल जांभळं असतं आणि ते मूळचं भूमध्य समुद्राकडचं. पिवळ्या धोत्र्याच्या पानावरही पांढऱ्या शिरा असतात, काटे असतात, म्हणून फसायला होतं. त्याच्या बियांच्या तेलात सँग्विनरिन असतं. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात याच बियांची भेसळ झाली होती, साठहून जास्त माणसं गेली. पाय सुजतात, धाप लागते, हृदय निकामी होतं. वहिनींनी गोळा केलेल्या बिया पुरून टाका, गुरांच्या वैरणीजवळही ठेवू नका. वाचलं की लगेच इथे लिहा.

केळीवाला_पाचोरा | ६ जुलै, दुपारी १:५५

वाचलं. बिया खड्ड्यात टाकल्या. खाल्ल्या नव्हत्या अजून. ताई, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही.

अनेरकाठ | ६ जुलै, रात्री १०:१५

दुपारपासून हात थरथरत होते, आता नीट लिहिते.

मिल्क थिसलचा विषय निघालाच आहे तर सांगते. त्याच्यातल्या सिलिमरिनबद्दल सगळं खोटं नाही. युरोपात विषारी अळिंबी खाल्लेल्या माणसाला त्यातलं सिलिबिनिन शिरेतून देतात. पण फॅटी लिव्हरसाठी मलेशियात ९९ रुग्णांवर ४८ आठवडे चाचणी झाली, दिवसातून तीनदा ७०० मिग्रॅ, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या गोळीच्या कितीतरी पट. लिव्हरचा तुकडा काढून तपासला. ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही: औषधवाल्यांत सुमारे ३३ टक्के सुधारले आणि नुसती खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत २६ टक्के. व्रणाबाबत थोडी आशा दिसली, पण त्यासाठी मोठ्या चाचण्या हव्यात. इतक्या नीट तपासलेल्या झाडाची ही गत, मग यात्रेतल्या बाटलीची काय सांगावी?

आता 'संरक्षण' हा शब्द. कारखान्यात आम्ही माल विकायला जे कागद जोडायचो त्यात हा शब्द भरपूर असायचा. तो कुठून येतो ते बघा. उंदराला आधी आठवडाभर अर्क पाजतात, मग कार्बन टेट्राक्लोराइड नावाचं विष देतात, मग लिव्हर कमी खराब झालं की लिहितात 'यकृतसंरक्षक'. म्हणजे अर्क आधी, विष नंतर. दादाच्या लिव्हरवर एका दिवशी विष पडलेलं नाही, वीस वर्षं हळूहळू चरबी चढली आहे. आणि उंदराला किलोमागे २०० मिग्रॅ दिलं असेल तर माणसासाठी ते साधारण सहानं भागतात. ७० किलोच्या माणसाला रोज सव्वादोन ग्रॅम होतं. कॅप्सूलमध्ये पाच झाडांत मिळून अर्धा ग्रॅम. कॅन्सरचंही तसंच: काचेच्या बशीतल्या पेशींवर अर्क ओतला आणि पेशी मेल्या. पुरेसं ओतलं तर बशीतल्या पेशी कशानंही मरतात. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

बोरीकाठची_लेक | ७ जुलै, संध्या. ६:२०

अमळनेरहून लिहितेय. कॅन्सरचा उल्लेख आला म्हणून धीर करून लिहिते. माझ्या आईला स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन आणि किमो होऊन आता टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. नात्यातले सगळे सांगतात हळदीची कॅप्सूल दे, मिरी घातलेली दे, सदाफुलीची पानं दे, सदाफुलीतूनच तर कॅन्सरचं औषध काढतात ना? नाही दिलं तर वाटतं माझ्याकडून आईसाठी काही राहून जातंय का. रात्री झोप लागत नाही.

अनेरकाठ | ७ जुलै, रात्री ९:३०

ताई, तुमच्याकडून काहीही राहत नाहीये. आईला वेळेवर गोळी देणं, तपासणीला नेणं, हे सगळ्यात मोठं तुम्ही करताय.

सदाफुलीचं सांगते, कारण ती अर्धी खरी गोष्ट आहे आणि अर्धीच लोक सांगतात. १९५० च्या दशकात कॅनडात नोबल आणि बीअर या शास्त्रज्ञांनी ती मधुमेहासाठी तपासायला घेतली होती. जमैकात तिचा काढा साखरेसाठी पीत. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं घटल्या आणि ते जंतुसंसर्गानं मेले. त्यातून त्यांना सुचलं की रक्ताच्या कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, तिथे हे उपयोगी पडेल. विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही औषधं अशी आली. विनक्रिस्टिन १९६३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि ल्युकेमियाची कितीतरी मुलं त्यामुळे वाचली. पण एका ग्रॅमसाठी शेकडो किलो वाळलेली पानं लागतात, आणि रुग्णाला एका वेळी २ मिलिग्रॅमच्या वर सहसा देत नाहीत. त्याहून जास्त झालं की नसा बधिर होतात, आतडं थांबतं. म्हणजे कुंडीतल्या मूठभर पानांत कॅन्सर बरा करण्याइतकं नाही, पण त्या उंदरांसारख्या पांढऱ्या पेशी कमी करायचा धोका मात्र आहे. किमो झालेल्या माणसाला तो धोका अजिबात नको.

सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडाचंही तसंच. त्यातल्या कॅम्प्टोथेसिनपासून आतड्याच्या कॅन्सरचं औषध बनतं. म्हणून लोकांनी झाडंच्या झाडं चोरून तोडली. पण नरक्याचं लाकूड उकळून कोणी बरं झालेलं नाही.

आणि हळद. भाजीतली हळद आईला बिनधास्त द्या. कॅप्सूल मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. टॅमॉक्सिफेन शरीरात गेल्यावर एका दुसऱ्या रसायनात बदलतं, तेच खरं काम करतं. नेदरलँड्समध्ये २०१९ मध्ये दिसलं की कर्क्युमिन घेतल्यावर त्या रसायनाचं रक्तातलं प्रमाण घटतं आणि सोबत मिरीचा घटक असेल तर आणखी घटतं. मिरी घालतात ती हळद जास्त शोषली जावी म्हणून. बंगळुरूतल्या १९९८ च्या अभ्यासात मिरीतल्या पिपेरिनमुळे कर्क्युमिनचं शोषण वीसपट वाढलेलं दिसलं होतं. लोकांना हा फायदा वाटतो. पण भाजीत जे जवळजवळ शोषलंच जात नाही म्हणून निर्धोक आहे, ते वीसपट रक्तात जायला लागलं की ते वेगळंच औषध झालं. हळदीच्या अशा कॅप्सूलमुळे लिव्हर बिघडल्याच्या नोंदी अमेरिकेत आणि इटलीत झाल्या आहेत.

बोरीकाठची_लेक | ७ जुलै, रात्री १०:०५

मामांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण आणलेली बाटली परत घेऊन गेले. आज झोपेन.

धुळेकर_डॉ | ८ जुलै, सकाळी ७:१५

भुईआवळ्यावर कोणीच लिहिलं नाही. १९८८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मद्रासचा अभ्यास आला होता. हिपॅटायटिस बीच्या ३७ वाहकांना महिनाभर भुईआवळा दिला, त्यांतल्या २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. खोटी गोळी घेणाऱ्या २३ पैकी फक्त एकाची गेली. लेखकांमध्ये हा विषाणू शोधल्याबद्दल १९७६ चं नोबेल मिळालेले ब्लमबर्ग होते. सगळ्या जगाचं लक्ष गेलं. नंतर इतर देशांत तसे निकाल मिळाले नाहीत. मी विद्यार्थी असताना आमच्या सरांनी हे शिकवलं होतं आणि मला वाईट वाटलं होतं, कारण ते खरं ठरावं असं मनापासून वाटत होतं.

लिव्हरच्या कॅन्सरपासून सिद्ध झालेलं संरक्षण म्हणाल तर हिपॅटायटिस बीची लस. तैवाननं १९८४ पासून बाळांना ती सुरू केली आणि पुढे मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर घटला. आपल्याकडे ती आता सरकारी लसीकरणात आहे. मोठ्यांनीही तपासून घ्यावी, तीन डोस असतात.

वैद्य_गोमाई | ८ जुलै, दुपारी १:३०

भुईआवळ्याबाबत एक भर. बाजारात त्या नावानं तीन-चार जाती एकत्र विकल्या जातात, दिसायला सारख्या. पानाखाली दाणे दिसले की तोडला. मद्रासची जात आणि दुसऱ्या देशात वापरलेला माल एकच होता का, हा प्रश्न मला कायम पडतो. पण डॉक्टरांचा मुद्दा मान्य आहे: ज्याला हिपॅटायटिस बी आहे त्यानं भुईआवळ्याच्या भरवशावर राहू नये.

कपाशी_ते_मका | ८ जुलै, रात्री ८:५०

शेतकरी आहे, चाळीसगावकडचा. झाडपाल्यातलं मला कळत नाही, पण कृषी विभागाच्या एका शिबिरात बुरशीबद्दल ऐकलं होतं ते इथे लिहावंसं वाटलं. मक्यावर आणि शेंगदाण्यावर जी हिरवट-पिवळी बुरशी येते तिच्यात अफ्लाटॉक्सिन असतं आणि ते लिव्हरच्या कॅन्सरचं कारण आहे. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या भिल्ल पट्ट्यात, बांसवाडा-पंचमहालकडे, पावसात भिजलेला मका खाऊन शंभराहून जास्त लोक कावीळ होऊन दगावले. भाजून, उकळून ते पूर्ण जात नाही. आमच्याकडे चांगला दाणा बाजारात जातो आणि सुरकुतलेला, काळा, कडवट दाणा घरात चटणीला, कुटाला ठेवतात. माझ्या मायला मी आता तो दाणा निवडून बाहेर काढायला लावतो. ती म्हणते, "अन्न शे, फेकू नको." पण मी ढोरांनाही टाकत नाही.

अनेरकाठ | ८ जुलै, रात्री ९:४०

@कपाशी_ते_मका, भाऊ, धाग्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला प्रतिसाद हा आहे. आपण चौदाशेची बाटली घेतो आणि घरातल्या कोठीतला कडू दाणा खातो. आमच्याही घरी कुटाला तोच दाणा असतो. उद्याच वहिनीला फोन करते.

गिरणामाय | ९ जुलै, सकाळी ११:००

बाटलीवर कॅन्सरपासून संरक्षण असं छापता येतं का हो? यावर कायदा नाही का?

धुळेकर_डॉ | ९ जुलै, दुपारी ३:१०

आहे. १९५४ चा औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. कॅन्सर बरा होईल, टळेल अशी जाहिरात करायला बंदी आहे, कॅन्सर त्या कायद्याच्या यादीत नावानिशी आहे. बाटलीचा फोटो, बॅच नंबर, परवाना क्रमांक घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार देता येते. पावती असेल तर उत्तम.

अनेरकाठ | २१ सप्टेंबर, रात्री ९:१५

बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलं म्हणून लिहिते. बाटलीवर परवाना क्रमांक होता, पण निर्मात्याच्या पत्त्यात गावच नव्हतं, फक्त राज्य. तक्रार दिली आहे, पोच मिळाली आहे.

दादानं कॅप्सूल अठरा दिवस घेतल्या होत्या. बंद केल्या. जुलैत एचबीए१सी केलं तर ६.३ निघालं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. बी आणि सी निगेटिव्ह. त्याच्याशी सगळ्यात अवघड बोलणं झालं ते 'मी तर शेतात राबतो' यावर. बसून हिशेब केला. वीस वर्षांपूर्वी तो बैलांमागे चालायचा. आता ट्रॅक्टर, ठिबकचा व्हॉल्व्ह उघडायला मोटारसायकलवर जातो. दिवसाला सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, दुकानावर कोणी आला की शीतपेय. लग्नसराईत दोन महिने रोज जेवण बाहेर. हे त्यानंच वहीत लिहिलं, मी फक्त समोर बसले.

आता पहाटे तापी पुलापर्यंत चालत जातो, साडेपाच किलोमीटर जाऊन-येऊन. चहा दोनदा, बिनसाखरेचा. संध्याकाळी कळण्याची एक भाकरी, वांग्याचं भरीत कमी तेलात, घेटुळीची किंवा तांदुळजाची भाजी. घेटुळी म्हणजेच पुनर्नवा, वहिनीला मी हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे बाटलीतलं झाड आपल्या बांधावरच होतं?" होतं, आणि भाजी म्हणून चालतंय.

वजन ८८ वरून ८१.५. एसजीपीटी ९२ होता, परवा ४४ आला. सोनोग्राफी डिसेंबरमध्ये करायची आहे.

सातपुडा_मास्तर | २१ सप्टेंबर, रात्री ९:५०

दादांना नमस्कार सांगा. आमच्याकडे भगर काढणीला आलीय. हवी असेल तर कळवा, ही खरी सातपुड्याची कुटकी.

अनेरकाठ | २१ सप्टेंबर, रात्री १०:०२

दहा किलो ठेवा मास्तर. दिवाळीला दादाच घ्यायला येईल.